तीस सेंट आणि फुलवाती

पोशीरच्या एका घरी वळलेल्या फुलवाती अमेरिकेतील न्यू जर्सीत विकल्या जातात आणि त्यांचे मोल ऑनलाइन कार्डाने चुकते होते, असे कानी आल्यामुळे भाद्रपदात नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्याने मी मुद्दाम तिथे गेलो. विक्रेती या घरची लेक. ती एडिसनला राहते, आणि ग्रीन कार्ड मिळाल्यावरच तिला हा व्यवसाय काढता आला, कारण नवऱ्याच्या व्हिसावर आश्रित म्हणून राहणाऱ्या पत्नीला बहुधा स्वतंत्र परवानगीवाचून तिथे कमाई करता येत नाही. गौरी-गणपतीसाठी ती माहेरी आली होती. पाकिटे टपालात टाकण्याचे काम तिकडे नवरा पाहत होता.

समोर भात पोटरीला आले होते. पडवीत आई वाती वळीत बसली होती. कापसाचा पुंजका घ्यावा, त्याची चकती पसरावी, मधला भाग चिमटीत धरून वर ओढावा आणि दुधाचे बोट लावून टोकाला पीळ द्यावा, हे काम ती खाली न पाहता करीत होती. प्रत्येक वात तळाशी सारखीच गोल, कोठे धागा सुटलेला नाही. पुढे जे आकडे ऐकले ते ऐकताना माझी दृष्टी पुनःपुन्हा त्या बोटांकडे जात राहिली.

सकाळी सातच्या सुमारास फोन वाजू लागला, कारण त्या वेळी न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि जेवणे उरकून माणसे खरेदीला बसतात. कार्डाचा क्रमांक लेकीला दिसत नाही. तो मध्यस्थ कंपनीकडे जातो, ग्राहकाच्या बँकेची मंजुरी क्षणार्धात येते, आणि कामाच्या दोन दिवसांनी रक्कम खात्यात जमा होते. त्यातून वजावट किती, असे विचारताच ती म्हणाली, "२.९ टक्के, आणि वर तीस सेंट." टक्क्यांबद्दल तिची तक्रार नव्हती. पन्नास डॉलरच्या ऑर्डरीवर सारे मिळून पावणेदोन डॉलर जातात, म्हणजे साडेतीन टक्के. परंतु पाच डॉलरच्या वातींच्या पाकिटावर तेच तीस सेंट धरून सुमारे पंचेचाळीस सेंट कापले जातात, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के. "ते तीस सेंट आईच्या मजुरीतून जातात," ती म्हणाली.

याहून जाचक आहे तो डिस्प्यूट, म्हणजे व्यवहार नाकारून ग्राहकाने बँकेकडे केलेली तक्रार. आपल्याकडे ऑनलाइन कार्ड वापरताना दुसरी खातरजमा २००९ पासून सक्तीची आहे, म्हणून ओटीपी येतो. अमेरिकेत बहुधा तो विचारलाच जात नाही, आणि त्या सोयीची जोखीम विक्रेत्याच्या माथी येते. गेल्या दिवाळीत एका ग्राहकाने बँकेच्या हिशेबपत्रकात दुकानाच्या नावाऐवजी व्यवसायाचे नोंदणीकृत नाव पाहिले, ते ओळखले नाही आणि व्यवहार आपला नव्हे अशी तक्रार दाखल केली. पाच डॉलर तत्काळ परत घेतले गेले आणि वर पंधरा डॉलर दंड बसला. टपालाची पोच आणि ऑर्डरीचा ई-मेल पुराव्यादाखल देऊनही निकाल तिच्या विरुद्ध गेला. तेव्हापासून हिशेबपत्रकात दुकानाचेच नाव उमटेल, अशी व्यवस्था तिने करून घेतली आहे.

याच गावातल्या किराणा दुकानात क्यूआर कोड स्कॅन करून दहा रुपये दिले, तर दुकानदाराला दहाच्या दहा मिळतात, कारण जानेवारी २०२० पासून यूपीआयवरचे व्यापारी शुल्क शून्य आहे आणि त्याचा काही भार सरकार बँकांना प्रोत्साहन रक्कम देऊन उचलते. ही व्यवस्था फुकट चालत नाही हे खरे. तथापि लहान व्यवहारावर ठोक रक्कम कापण्याची रीत मला सरळसरळ अन्यायाची वाटते. मोठ्या दुकानाला जे तीस सेंट जाणवतही नाहीत, ते येथे कित्येक वातींचे मोल असते.

परदेशी राहणाऱ्या वाचकांस एवढीच विनंती, की हिशेबपत्रकात पाच-दहा डॉलरची अनोळखी नोंद आढळली तर आपली ऑर्डर आधी आठवून पाहावी, विक्रेत्याला एक पत्र टाकून विचारावे, आणि उत्तर समाधानकारक न आल्यासच बँकेचे दार ठोठावावे.