नियंत्रकाची आज्ञावली आपल्या हाती : मोफत कोड एडिटरचा उपयोग

ट्रायकोकार्डाचे यश वेळेवर अवलंबून असते. ट्रायकोग्रामा हा परोपजीवी कीटक खोडकिडीच्या केवळ अंडी अवस्थेवर हल्ला करतो. पतंगांनी अंडी घातली आणि कार्डे आठवडाभर उशिरा पोहोचली, तर अळ्या खोडात शिरलेल्या असतात व कार्डाचा उपयोग राहत नाही. या कार्डांसाठी लागणारी अंडी तांदळावरील पतंगाची, म्हणजे कॉर्सायराची असतात. त्याचे संगोपन भरडलेल्या ज्वारीवर साधारण २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात व ६५ ते ७५ टक्के आर्द्रतेत केले जाते. पूर्वी हे काम अनुभवी कर्मचाऱ्याच्या नजरेवर चाले. आता अनेक ठिकाणी ते प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, अर्थात पीएलसी नावाचा औद्योगिक नियंत्रक करतो. पॉलिहाऊस, शीतगृह आणि स्वयंचलित ठिबक संचातही हाच नियंत्रक आढळतो.

एका अंकाची किंमत

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमच्या संगोपन कक्षातील ज्वारीला बुरशी लागू लागली. ज्वारी बदलली, ट्रे निर्जंतुक केले, तरी उपयोग झाला नाही. कीटकशास्त्रज्ञ म्हणून आम्ही दोष कीटकांत आणि खाद्यात शोधत होतो. प्रत्यक्षात तो आज्ञावलीत होता. आर्द्रता ७५ टक्क्यांवर सलग ५ मिनिटे राहिली की आर्द्रताशोषक यंत्र सुरू व्हावे, अशी मूळ रचना होती. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाच्या हातून ५ च्या जागी ५० झाले होते. अशा विलंब-टायमरमध्ये आर्द्रता क्षणभर जरी मर्यादेखाली आली, तरी मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. परिणामी यंत्र जवळजवळ सुरूच होत नव्हते.

हा दोष सापडला तो हस्तांतराच्या वेळी पेन ड्राइव्हवर ठेवलेल्या मूळ आज्ञावलीमुळे. पुरवठादाराकडून चालू आज्ञावलीची प्रत मागवली, दोन्ही फाइली एका मोफत एडिटरमध्ये शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहिल्या, आणि बदललेली ओळ वेगळ्या रंगात समोर आली. तुलनेला काही मिनिटे पुरली. मात्र तोपर्यंत बरेच ट्रे टाकून द्यावे लागले होते आणि शेतकऱ्यांना कार्डे देण्याची वेळ टळली होती.

आज्ञावली असते कशी?

पीएलसीच्या भाषांचे आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६११३१-३, १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्यातील लॅडर डायग्रॅम ही भाषा विद्युत मंडलाच्या आकृतीसारखी दिसते, तर स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही भाषा साध्या मजकुरात लिहिली जाते. तिचा आशय मराठीत असा मांडता येईल : ‘जर तापमान २६ पेक्षा कमी, तर हीटर सुरू, जर तापमान २८ पेक्षा जास्त, तर हीटर बंद.’ या दोन मर्यादांमधील अंतर हेतुपुरस्सर असते. दोन्ही ठिकाणी एकच आकडा ठेवल्यास हीटर सतत सुरू-बंद होतो आणि कॉन्टॅक्टर लवकर खराब होतो.

स्ट्रक्चर्ड टेक्स्ट वाचताना तीन खुणा ओळखाव्यात. अपूर्णविराम व बरोबर ही जोडखूण (:=) म्हणजे ‘हे मूल्य द्या’; नुसते बरोबर (=) म्हणजे ‘सारखे आहे का?’ प्रत्येक विधानाचा शेवट अर्धविरामाने (;) होतो. कंस व तारका यांच्या जोडीत, (* अशा प्रकारे *), लिहिलेला मजकूर ही माणसांसाठी ठेवलेली टीप असते. नियंत्रक तिच्याकडे दुर्लक्ष करतो.

एडिटर काय करू शकतो?

नोटपॅड प्लस प्लस हा विंडोजवर चालणारा मुक्तस्रोत एडिटर २००३ पासून मोफत उपलब्ध आहे. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड हाही मोफत असून त्यासाठी स्ट्रक्चर्ड टेक्स्टची विस्तारके मिळतात. त्यांचे मुख्य उपयोग पुढीलप्रमाणे आहेत.

१. रंगभेद : आज्ञा, आकडे व टिपा निरनिराळ्या रंगांत दिसतात. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘वापरकर्ता-निर्धारित भाषा’ या सोयीतून आपण हे रंग ठरवू शकतो.

२. शोध : एखाद्या झडपेचे नाव फोल्डरमधील सर्व फाइलींत कोठे कोठे आले आहे, ते एकाच वेळी कळते. त्यामुळे एक आकडा बदलल्यास कशाकशावर परिणाम होईल, याचा अंदाज येतो.

३. तुलना : दोन प्रतींमधील फरक ओळीगणिक दिसतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये ही सोय अंगभूत आहे. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘कंपेअर’ हे पूरक साधन जोडावे लागते.

४. स्तंभ-संपादन : ठिबकच्या आठ झडपांसाठी सारख्याच ओळी लिहायच्या असतील, तर त्या सर्व ओळींत एकाच वेळी बदल करता येतो.

लॅडर आकृती मात्र एडिटरमध्ये आकृती म्हणून उघडत नाही. ती एक्सएमएल स्वरूपात बाहेर काढता आल्यास मजकूर म्हणून साठवता व ताडून पाहता येते. पण वाचायला ती किचकट असते आणि फाइलमधील दिनांक-वेळही फरक म्हणून दिसतात.

एडिटर काय करू शकत नाही?

एडिटर हे लिहिण्या-वाचण्याचे साधन आहे. मजकुराचे यंत्राला समजणाऱ्या रूपात संकलन करणे आणि ते नियंत्रकात भरणे, ही कामे सामान्यतः उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्येच होतात. एडिटरमध्ये फाइल बदलली म्हणून चालू यंत्र बदलत नाही. तसेच ५ च्या जागी ५० लिहिले, तर भाषेच्या दृष्टीने ती चूक नसतेच; ती कोणतेही सॉफ्टवेअर दाखवणार नाही. योग्य आकडा कोणता, हे कीटक किंवा पीक जाणणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणूनच आज्ञावली वाचण्यात आपला सहभाग आवश्यक आहे.

विस्तार कार्यकर्ते व शेतकरी बंधूंसाठी सूचना

• संच खरेदी करतानाच करारात नमूद करावे की मूळ आज्ञावली, टिपांसह मजकूर-स्वरूपातील प्रत आणि पासवर्ड हस्तांतराच्या वेळी मिळतील. नंतर नियंत्रकातून प्रत काढता येईल, यावर विसंबू नये. अनेक नियंत्रकांतून टिपांसह पूर्ण मूळ आज्ञावली परत मिळत नाही.

• मूळ प्रत कधीही बदलू नये. प्रत्येक बदलासाठी नवी फाइल करून तिच्या नावात दिनांक लिहावा. बदल कोणी, कोठे व का केला, याची नोंद वहीत ठेवावी.

• दुरुस्तीनंतर तंत्रज्ञ परतण्यापूर्वी चालू आज्ञावलीची प्रत घ्यावी आणि ती आधीच्या प्रतीशी त्याच्यासमोरच ताडून पाहावी.

• मराठी टिपांची फाइल यूटीएफ-८ स्वरूपात साठवावी. उत्पादकाचे सॉफ्टवेअर देवनागरी स्वीकारते की नाही, हे आधी तपासावे. शंका असल्यास मराठी टिपा वेगळ्या फाइलीत ठेवाव्यात.

• बदललेली आज्ञावली प्रथम रिकाम्या कक्षात किंवा पीक नसलेल्या भागात, जाणकाराच्या उपस्थितीत चालवून पाहावी.

• हीटरसाठी स्वतंत्र अतिताप-बंद थर्मोस्टॅट आणि पंपासाठी हाताने बंद करण्याचे बटण असावेच. सुरक्षितता केवळ आज्ञावलीवर सोपवू नये.

सर्वांनी प्रोग्रॅमर व्हावे, असा या लेखाचा आग्रह नाही. कीटकनाशक फवारण्यापूर्वी आपण डब्यावरील मात्रा वाचतो, तशीच आपल्या यंत्रातील आज्ञावलीतील आकडेही वाचता यावेत, एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी लागणारे साधन विनामूल्य आहे. आपल्या संचाची मूळ प्रत आज आपल्याजवळ आहे काय, ही पहिली तपासणी प्रत्येकाने पुढील हंगामापूर्वी अवश्य करावी.