‘दुखतं’ म्हणायचं नाही!

मैत्रिणींनो, सकाळी शाळेच्या वेळेला पोरांना अंथरुणातून उठवणं हे काय काम असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. कुणी पंखा बंद करतं, कुणी पांघरूण ओढतं, कुणी तोंडावर पाणी शिंपडतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातली एक आई मात्र आपल्या मुलीला निराळ्याच रीतीनं उठवी. मुलगी गाढ झोपेत असताना तिच्या अंगावर झेप घ्यायची, तिचा एक हात आपल्या दोन्ही मांड्यांत घट्ट धरायचा आणि कंबर वर उचलून तिचं कोपर उलट्या बाजूला ताणायचं! अर्धवट झोपेतल्या मुलीनं त्यातून स्वतःला सोडवून घ्यायचं, की झाली सकाळ.

“अगं बाई, ही आई की कोण!” असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. पण पुढं याच डावानं ती मुलगी जगज्जेती झाली. मुलीचं नाव रोंडा राउझी, आणि आईचं अ‍ॅनमारिया डी मार्स.

आधी आईचंच सांगते, कारण तिच्याशिवाय लेकीची गोष्ट सुरूच होत नाही. अ‍ॅनमारियाबाईंनी १९८४ साली व्हिएन्नामध्ये ज्यूडोचं जागतिक विजेतेपद मिळवलं. तोवर अमेरिकेच्या कुणालाही, अगदी पुरुषांनासुद्धा, ते जमलेलं नव्हतं. पण ऑलिंपिकमध्ये बायकांच्या ज्यूडोला पदकाचं स्थान मिळालं ते थेट १९९२ साली. म्हणजे जगात पहिली आलेल्या या बाईला ऑलिंपिकचं दार बंदच राहिलं. मग त्यांनी संसार केला, मुली वाढवल्या आणि शिक्षणाच्या मानसशास्त्रात डॉक्टरेटही मिळवली.

रोंडाचा जन्म १ फेब्रुवारी १९८७ चा. जन्मताना नाळ गळ्याभोवती गुंडाळलेली होती. पोर जगली, पण बोलेना. सहा वर्षांची होईपर्यंत तिचं बोलणं घरच्यांखेरीज कुणाला उमगत नसे. तिसऱ्या वाढदिवसाला तिनं ‘बालग्रिन’ मागितलं. बालग्रिन म्हणजे काय, कुणाला कळेना! दुकानं पालथी घातल्यावर उलगडा झाला, की तिला हल्क होगन या पहिलवानाचा मोठा बाहुला हवा होता. तिच्या वाचेवर उपचार मिळावेत म्हणून आईनं दूर नॉर्थ डाकोटा राज्यात नोकरी धरली आणि सगळं घर तिकडं हललं.

तिथंच घरावर आघात झाला. बर्फावर घसरगाडी खेळताना वडिलांच्या पाठीचा कणा मोडला. त्यांना रक्ताचा एक दुर्मीळ विकार होता, त्यामुळं दुखणं बरं होईना. पुढं अंग लुळं पडणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. १९९५ साली त्यांनी स्वतःच्या हातानं आयुष्य संपवलं. रोंडा तेव्हा आठ वर्षांची होती.

मग आई मुलींना घेऊन कॅलिफोर्नियाला परतली, आणि अकराव्या वर्षी रोंडा ज्यूडोच्या मॅटवर उतरली. आईची शिकवण कडक! एकदा पायाचं बोट दुखावलं म्हणून मुलगी रडकुंडीला आली, तर आईनं तिला मॅटभोवती धावायला लावलं. सामन्यात दुखापत होणारच. दुखत असतानाही आपण लढू शकतो हे आत्ताच कळू दे, असा त्यामागचा हिशेब. हे वाचताना माझ्या मनात दोन्ही आले: कौतुकही, आणि कुठंतरी कळही.

या शिकवणीची फळं दिसली, यात शंका नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला रोंडा सतरा वर्षांची, ज्यूडोच्या सगळ्या स्पर्धकांत लहान. २००८ ला बीजिंगमध्ये तिनं कांस्यपदक जिंकलं. ऑलिंपिकमध्ये ज्यूडोचं पदक मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. आईला जिथं जाताच आलं नाही, तिथून लेक पदक घेऊन आली.

पण पदकानं पोट भरतं का? परत आल्यावर ही मुलगी मद्यालयात पेले भरत होती, आणि काही दिवस तर राहायला जागा नाही म्हणून आपल्या मोटारीत झोपत होती. तेव्हा तिच्या मनात आलं ते ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’. या खेळात कुस्ती, ज्यूडो, मुष्टियुद्ध, लाथांचे प्रकार सगळं एकत्र असतं. आठ बाजूंचा जाळीचा पिंजरा, बोटं उघडी राहतील असे पातळ हातमोजे आणि पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या: साध्या लढतीला तीन, अजिंक्यपदाच्या लढतीला पाच. समोरचीनं हात थोपटून हार कबूल केली, किंवा पंचांनी थांबवलं, की खेळ खलास; नाहीतर शेवटी गुण मोजायचे.

आईला हे मुळीच पसंत नव्हतं. एवढी शिकलेली बाई, तिला लेकीनं मारामारीवर पोट भरणं कसं रुचावं? शेवटी तिनं एका वर्षाची मुदत दिली. या खेळातली सर्वांत मोठी संस्था यूएफसी. तिचे प्रमुख डेना व्हाइट यांनी २०११ साली स्पष्टच सांगितलं होतं, की बायका इथं कधीही लढणार नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये रोंडानं आपली पहिली व्यावसायिक लढत पंचवीस सेकंदांत जिंकली. डाव कोणता? तोच, सकाळी उठवण्याचा! पुढच्या वर्षी तिनं मीशा टेटकडून ‘स्ट्राइकफोर्स’ या दुसऱ्या संस्थेचं अजिंक्यपद घेतलं, आणि व्हाइटसाहेबांना आपला शब्द गिळावा लागला.

२३ फेब्रुवारी २०१३ ला यूएफसीत स्त्रियांची पहिली लढत झाली. लिझ कार्मूश रोंडाच्या पाठीवर चढली आणि तिचा जबडा आवळून मान पिरगाळू लागली. आता संपलं असं वाटत असतानाच रोंडानं तिला झटकून टाकलं, आणि पहिली फेरी संपायला अकरा सेकंद उरली असताना कोपराच्या डावावर जिंकली. पहिल्या आठही लढती तिनं याच डावावर जिंकल्या. २०१५ च्या फेब्रुवारीत तर कॅट झिंगानोविरुद्धची लढत चौदा सेकंदांत आटोपली. चहाचं आधण ठेवून साखरेचा डबा उघडेपर्यंत सामना संपलेला! बारा लढती, बारा विजय, त्यांतले अकरा पहिल्याच फेरीत. सिनेमे, मासिकांची मुखपृष्ठं, पैसा, सगळं आलं.

आणि मग १५ नोव्हेंबर २०१५, मेलबर्न. ५६,२१४ प्रेक्षक. समोर मुष्टियुद्धातली माजी जगज्जेती हॉली होम. रोंडा पुढं धावून जायची, होम बाजूला सरून ठोसा द्यायची. दुसऱ्या फेरीत होमची लाथ डोक्यावर बसली आणि रोंडा कोसळली. हरणं तिला ठाऊकच नव्हतं. काही महिन्यांनी दूरदर्शनवरच्या एका मुलाखतीत ती रडत म्हणाली, की त्या दिवशी क्षणभर जगणंच नको वाटलं होतं. वडिलांची गोष्ट लक्षात घेतली, तर हे ऐकताना आईच्या पोटात काय कालवलं असेल, ते तुम्ही-आम्ही जाणू शकतो. ३० डिसेंबर २०१६ ला ती पुन्हा पिंजऱ्यात उतरली. अमांडा न्यूनेसनं तिला ४८ सेकंदांत हरवलं.

लोकांनी तोंडसुख घेतलं. गर्विष्ठ, जमिनीवर आपटली, असं बरंच काही. तिनं उत्तर दिलं नाही. २०१८ मध्ये ती नाटकी कुस्तीच्या डब्ल्यूडब्ल्यूई या मंडळीत गेली, म्हणजे त्या ‘बालग्रिन’च्याच दुनियेत! त्याच वर्षी यूएफसीनं सन्मानितांच्या यादीत तिचं नाव घातलं. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. २०२१ मध्ये तिला मुलगी झाली.

खरी गोष्ट तिनं सांगितली ती २०२४ साली, आपल्या दुसऱ्या पुस्तकात. ज्यूडोच्या दिवसांपासून तिच्या डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसत आलेला होता. अशा मारानं मेंदू कवटीच्या आत हादरतो. डोळ्यांपुढं अंधारी येते, समोरची वस्तू किती अंतरावर आहे याचा अंदाज येत नाही. आणि पहिल्या धक्क्यातून नीट बरं न होता दुसरा बसला, तर त्रास वाढतच जातो. रोंडाचं तसंच झालं होतं. पूर्वी जे ठोसे तिला जाणवतही नसत, तेवढ्यानंही तिला गरगरू लागलं. आणि ती गप्प राहिली. सांगितलं, तर लढण्याची परवानगी मिळाली नसती. हरल्यावर सांगितलं, तर सबबी सांगते म्हणून लोक हसले असते. ‘दुखतं’ म्हणायची सवय तर लहानपणीच मोडलेली.

आईला दोष द्यावा का? माझं धाडस होत नाही. नवरा गेलेला, पदरी मुली, त्यातली एक धड बोलू न शकणारी. तिला जगात ताठ उभी करायला त्या बाईजवळ जे होतं ते तिनं दिलं. पण पायाचं बोट दुखणं निराळं आणि डोक्याला मार बसणं निराळं, हा फरक त्या काळी पुष्कळ शिकवणाऱ्यांना नीट ठाऊक नव्हता.

यंदा आमच्या शाळेत खो-खोच्या सामन्यात सातवीतली एक मुलगी पडली. खांबावर डोकं आपटलं. धूळ झटकून उठली आणि म्हणाली, “काही नाही झालं बाई, मी खेळते.” बाहेर पोरी तिच्या नावानं ओरडत होत्या, सामना रंगात आलेला. एरवी मी “शाबास!” म्हटलं असतं. या वेळी तिला हाताला धरून बाहेर आणलं, झाडाखाली बसवलं, आणि तिच्या आईला बोलावून दोघींना घेऊन डॉक्टरांकडं गेले. सामना आम्ही हरलो. पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.