फाळक्यावरचा खडू

पहिल्या संध्याकाळी मिस्त्रींनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. छोटी हातोडी घेतली आणि ट्रकभोवती फिरत ठोकत राहिले. मडगार्डच्या वरच्या बाजूला टण. बॉनेटवर टण. दरवाजाच्या खालच्या कडेपाशी आले तसा आवाज बसला. थप. तिथे खडूने गोल केला आणि पुढे सरकले. बाहेरून रंग शाबूत, पत्रा सरळ, मला तर काहीच दिसत नव्हतं. त्यांनी माझं बोट धरून त्या गोलावर दाबलं. पत्रा पापडासारखा आत गेला आणि रंगाच्या पापुद्र्यामागून तपकिरी भुकटी माझ्या चपलेवर पडली.

“सर, रंग शेवटी मरतो,” ते म्हणाले. “लोखंड त्याच्या आधीच गेलेलं राहते.”

हा ट्रक आमच्या वडिलांनी १९९४ साली घेतला होता. टाटा १२१० एसई, पुढे थोडं नाक असलेला. या नावाचा अर्थ मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हता. मालासकट एकूण वजन १२ टनांच्या घरात आणि इंजिनाची ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास, म्हणून बारा आणि दहा. आतलं इंजिन ६९७. म्हणजे सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. मूळ आराखडा जर्मन मर्सिडीजचा. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जमशेदपूरला त्यांच्याबरोबर ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ मध्ये संपला, पण घराण्याचं वळण इंजिनात उरलं. आठ वर्षं कडुनिंबाखाली उभं राहिलेलं हे इंजिन मिस्त्रींनी सिलिंडरमध्ये तेल सोडून चार दिवस भिजत ठेवलं आणि मग टॉमीने हळूहळू फिरवलं, तेव्हा ते फिरलं. इंजिनाचा प्रश्न तिथेच जवळजवळ मिटला. खरं दुखणं पत्र्यात आणि चेसिसमध्ये होतं.

पहिली कितीतरी वर्षं या ट्रकने सावदा-रावेरकडची केळी वाहिली. केळीच्या गाडीत खाली ओला पाला, वर ओला पाला, आणि घडांचा चीक फळ्यांच्या फटींतून गळत राहतो. पुढे लांबची भाडी नव्या गाड्यांकडे गेली आणि आमच्या गाडीला खताच्या गोण्या मिळू लागल्या. युरिया आणि पोटॅश हवेतला ओलावा ओढून घेतात. फाटक्या गोणीतून सांडलेले दाणे फळ्यांखाली जाऊन बसतात, पावसाळ्यात विरघळतात आणि ते खारं पाणी लोखंडावर ठाण मांडतं. त्यावर शेतरस्त्याची काळी माती चिकटली की झालं. ही माती दिवाळीपर्यंत ओल सोडत नाही, कापसाला ती वरदान आणि चेसिसला शाप. जळगावचा मे पंचेचाळीस अंशांपर्यंत तापतो म्हणून इथे गंज कमी असेल, असं मला वाटायचं. पण उन्हाने रंग तडकतो आणि त्याच तड्यांतून जूनचं पाणी आत शिरतं.

भंगारवाले दोनदा येऊन किलोचा भाव सांगून गेले होते. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालं. त्यानंतर १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या जड ट्रकच्या फिटनेस प्रमाणपत्राचं शुल्क १२,५०० रुपये झालं. वर पर्यावरण कर. हिशोबाने बघितलं तर गाडी मोडीत जायला हवी होती. पण पुतण्याला यावल तालुक्यातून जळगावपर्यंत माल आणायला गाडी हवी होती, नवी घेण्याची ऐपत नव्हती, आणि दादाला वडिलांची गाडी कापलेली बघवणार नव्हती. ही कारणं पुरेशी होती.

मिस्त्री दिवसा अजिंठा चौफुलीकडच्या एका वर्कशॉपमध्ये पगारावर. पिंप्राळ्यात, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. संध्याकाळी सातला घरी येऊन भाकरी खाल्ली की अकरापर्यंत वरचं काम करतात. सोबत त्यांचा पुतण्या, आयटीआयला जाणारा. अशी वरची कामं जगभर चालतात. इंग्लंडच्या कारखान्यांत अशा खासगी कामाला ‘फॉरेनर’ म्हणत, फ्रान्समध्ये ‘पेरूक’, म्हणजे केसांचा टोप. पण तिथे त्या शब्दांत मालकाच्या वेळेत, मालकाच्या सामानाने केलेलं स्वतःचं काम, असा अर्थ आहे. आमचे मिस्त्री वर्कशॉपमधून वेल्डिंगची एक कांडीसुद्धा आणत नसत. एकदा ग्राइंडरची चकती रात्री नऊला संपली, तर काम थांबलं; दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आणली तेव्हा सुरू झालं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी बोलणं झालं. उक्तं काम. पत्रा, कांड्या, गॅस, रंग आमचा. मजुरी ३६ हजार. रोज हजार धरून ३६ संध्याकाळी लागतील, असा त्यांचा अंदाज. इसार पाच हजार, दर शनिवारी दोन हजार खर्ची, उरलेले शेवटी. कागद नाही. दादाने हातावर हात दिला आणि चहा झाला.

या भागात आखाजीला माणसाच्या कामाचं मोल ठरतं, ही जुनी रीत आहे. सालदाराचं साल याच दिवशी संपतं आणि नवं साल याच दिवशी ठरतं. मिस्त्रींचे वडील सालदार होते. सालात काय काय करायचं ते दोघांना ठाऊक असायचं: नांगरणी, पेरणी, गुरं, राखण. काम डोळ्यांसमोर असलेलं. म्हणून तोंडी ठरलेलं तोंडावर निभायचं. गंजाच्या कामात नेमकं हेच नसतं. ते कुणालाच दिसत नाही, ना देणाऱ्याला ना घेणाऱ्याला.

ते कसं, हे मी हौदा उचलला त्या रात्री पाहिलं. चेसिसचे दोन लांब लोखंडी पाट आणि वरचा हौदा यांच्या मध्ये लाकडाच्या पट्ट्या असतात, धक्का सोसण्यासाठी. त्या धरून ठेवणारे यू बोल्ट इतके जाम झाले होते की नट आणि बोल्ट वेगळे दिसत नव्हते. आदल्या दिवशी डिझेल सोडून ठेवलेलं. मिस्त्रींनी गॅसची ज्योत नटावर धरली. नट आधी काळा, मग जांभळा, मग लाल झाला. ज्योत बाजूला घेतली, लाली उतरू दिली आणि देवघरातली साधी मेणबत्ती आट्यांना टेकवली. मेण वितळून आत ओढलं गेलं, धूर निघाला. मग लांब नळी चढवलेला पाना, आणि अंगाचं सगळं वजन. कट्ट. एक नट सुटला. असे सोळा होते. अकरा सुटले, पाच कापावे लागले.

लाकूड निघालं आणि खाली बॅटरी मारली तर लोखंड दिसेना. खापरावरचा मांडा घडी घालून ठेवावा तसे एकावर एक पापुद्रे, बोटभर जाडीचे. मिस्त्रींच्या पुतण्याने छिन्नीने एक थर उचलला, तो हातभर लांब सलग निघून आला. गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या मध्ये शिरला की त्यांना फाकवतो, रिव्हेटची डोकी उडवतो. आमच्या चेसिसचे पाट जोडणाऱ्या आडव्या लोखंडांपैकी दोन अशी फाकली होती, आणि डाव्या पाटाची वरची कड चार फूट लांबीत कागदासारखी झालेली.

मिस्त्री बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मला वाटलं, आता पैशांचं बोलतील. ते म्हणाले, “हे मले वरून कसं दिसणार होतं?” एवढंच. आणि पापुद्रे गोळा करायला पोतं मागितलं.

पुढचं काम मी रोज खुर्ची टाकून पाहिलं. सडका भाग कापून फेकायचा आणि पट्टी जोडायची, एवढं सोपं ते नाही. चेसिस रस्त्यावर सतत पिळवटत असते. ताठ जोड दिला तर जोड टिकतो आणि त्याच्या शेजारचं लोखंड तुटतं. म्हणून मिस्त्रींनी आतून लावायच्या पट्टीची टोकं सरळ कापली नाहीत, तिरपी कापली, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही. वेल्डिंगही सलग नाही. बोटभर इथे, मग दोन फूट सोडून बोटभर तिथे, मग परत मागे, लोखंड तापून वाकू नये म्हणून. प्रत्येक टाक्यानंतर हातोडीने वरची खपली उडवून टाका बघायचा. नीट पडलेला टाका म्हणजे एकावर एक कलती ठेवलेली नाणी. कुठे बारीक छिद्र दिसलं तर ग्राइंडर मारून तो टाका काढायचा आणि परत घालायचा. हे छिद्र रंगाखाली आम्हाला जन्मात दिसलं नसतं. डिझेलची टाकी जोडायच्या आधी त्यांनी ती सोड्याच्या पाण्याने तीनदा धुतली आणि काठोकाठ पाण्याने भरूनच ज्योत लावली, कारण रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते.

मध्ये दोन दिवस ते आले नाहीत. घरी गेलो तर डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलेले. वेल्डिंग लागली होती. त्या दोन दिवसांची वर्कशॉपमधली हजेरीही गेली. या ट्रकमध्ये गोण्या चढवणाऱ्या हमालासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. मंडळ, नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी. ते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्याचं फळ, आणि देशाला अभिमान वाटावा असंच. पण तोच ट्रक रात्री जोडणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याच मंडळात नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रमचं कार्ड मिस्त्रींकडे आहे, प्लॅस्टिकच्या पाकिटात, आधार कार्डाला चिकटून.

अंदाजाबाहेर निघालेल्या या जादा कामाच्या संध्याकाळी मिस्त्री हौद्याच्या एका फाळक्याच्या आतल्या बाजूला खडूने रेघ मारत. चार उभ्या, पाचवी आडवी. ते मोठ्याने कधी बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आभाळ भरून आलं. घासून उघडं केलेलं लोखंड दमट हवेत एका रात्रीत पुन्हा लालसर होतं, म्हणून मिस्त्रींच्या पुतण्याने घाईघाईने तिन्ही फाळक्यांना रेड ऑक्साइड मारून टाकला. सकाळी मिस्त्रींनी ते पाहिलं. पोराला बोलले नाहीत. बरोबरच होतं त्याचं, लोखंड वाचलं होतं. रेघा मात्र गेल्या. त्या दिवसापासून मी वही घातली आणि आधीच्या संध्याकाळी आठवून आठवून लिहिल्या. अठरा भरल्या.

रंगाचं काम दुसऱ्या कारागिराने केलं, ते लवकर आटोपलं. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचा आमच्या पुतण्याचा हट्ट होता, पण महाराष्ट्रात २०१५ पासून त्याला मनाई आहे, तेव्हा फक्त वडिलांचं नाव लिहिलं.

हिशोब आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी करायचा ठरला. दुसऱ्या दिवशी पिंप्राळ्याचा विठ्ठलाचा रथ, आणि मिस्त्री दरवर्षी मोगरी लावणाऱ्यांत असतात. चालत्या रथाच्या चाकाखाली लाकडी मोगरी सरकवून रथ वळवायचा, थांबवायचा. जिवाचं काम, आणि त्याचे कुणी पैसे घेत नाही. त्या दिवशी ते कामावरही जात नाहीत.

घरात जादा कामाच्या पैशांवरून आधीच वाजलं होतं. दादाचं म्हणणं, उक्तं म्हणजे उक्तं. काम लवकर संपलं असतं तर त्यांनी पैसे परत दिले असते का? हा प्रश्न खोटा नाही. पण मला तो लागू वाटला नाही आणि अजूनही वाटत नाही. भिंत बांधायची तर लांबी-उंची मोजता येते, तिथे उक्तं ठरवावं. गंजाचं काम उक्तं देऊच नये. आधी उघडायचे पैसे ठरवावेत, उघडून दोघांनी बघावं, मग पुढचं बोलावं. पोटाचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला आपण तपासणीची फी वेगळी देतोच ना. नाहीतर होतं असं, की न दिसणाऱ्या कामाचा सगळा तोटा ज्याच्या हातात हातोडी आहे त्याच्या अंगावर पडतो. आणि शब्द पाळणारा माणूस असेल तर तो बोलतही नाही. मिस्त्रींना एका मालकाने असंच एकदा वरच्या कामाचे आठ हजार दिले नव्हते. ते मला त्यांच्या पुतण्याकडून कळलं.

मिस्त्री आले, ओट्यावर बसले. मी वही काढली. उक्त्यातले उरलेले, शिवाय जादा अठरा संध्याकाळींचे अठरा हजार, असं वाचलं. दादा गप्प होता. मान्य केलं होतं, पण मनापासून नाही.

“अठरा नाही सर,” मिस्त्री म्हणाले. “एकोणीस.”

दादाने मान वर केली. “वहीत अठरा आहेत.”

“वही तुमची नंतरची. तुम्ही सगळे चोपड्याले लग्नाले गेले होते, त्या दिवशी मी आलो होतो. गिअर पेटीच्या मागचं आडवं लोखंड वरून चिरलं होतं. ब्रेकची नळी बाजूला बांधून, ओलं पोतं लावून जोडलं.”

“मग सांगितलं नाही ते?”

“सांगायचं काय? काम निघालं, केलं.”

कुणीच काही बोललं नाही. मिस्त्रींनी पिशवीतून बॅटरी काढली आणि दादासमोर धरली. दादा साठीचा, गुडघे दुखणारा. तो उठला, सदरा तसाच ठेवून अंगणात गेला, पोतं अंथरलं आणि पाठीवर झोपून ट्रकखाली सरकला. मी वाकून पाहिलं तर नव्या रंगाखाली उजेडाचा गोळा इकडून तिकडे फिरत होता, गिअर पेटीपाशी थांबला, नळीच्या मागे गेला. दादाचं बोट कशावरून तरी सावकाश फिरलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

तो बाहेर आला तेव्हा पाठीला माती लागलेली होती.

“एकोणीस लिही,” तो मला म्हणाला.