घरकर्ज काढण्यापूर्वी



तालुक्याला घर घ्यायचे, तर आधी कागद बघा. मिळकत पत्रिका, बिनशेती आदेश आणि वकिलाचा ३० वर्षांचा शोध अहवाल हाती आल्याशिवाय इसार देऊ नका.

१० लाख कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षे मुदत धरली, तर हप्ता महिना सुमारे ९,००० रुपये; एकूण फेड साडेएकवीस लाखांवर जाते. हप्ता दरमहा, उसाचे बिल मात्र हंगामात, तेही सोसायटीची कपात होऊन. म्हणून हाती पडेल त्यातून वर्षाचे हप्ते आधी बाजूला काढा. उरले तर मुद्दल फेडा. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड २०१२ पासून नाही. हप्ते थकले, तर २००२ च्या कायद्याने बँक दावा न लावताही गहाण घर ताब्यात घेऊ शकते. तेव्हा अंथरूण पाहूनच पाय पसरा.