गावदेवीच्या वसाहतीची शंभरी



बेणे, लागण, खोडवा यांविषयी आम्ही नेहमीच लिहितो. या खेपेस थोडे घरांविषयी. कारण हल्ली आम्ही ऊस नोंदीला गेलो की सभासद हळूच विचारतात, "साहेब, चिखलीला ले-आऊट पडलाय. पोरासाठी प्लॉट घेऊन टाकू का?" प्लॉट ज्याचा त्याचा होतो, पण पुढे रस्ता, नाली अन् पाणी कोणाचेच नसते. म्हणून ही एका वसाहतीची हकिगत.

मुंबईत गावदेवी भागात सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. स्थापना १९१५ सालची. आशियातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून तिचे नाव घेतात. २०१५ साली तिची शताब्दी झाली. आपल्या राज्यात प्रवरेचा साखर कारखाना सुरू झाला १९५० साली. म्हणजे ही वसाहत त्याहून पस्तीस वर्षांनी थोरली!

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट, कोंदट वस्त्यांत माणसे पटापट मेली. मग १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, नवे प्लॉट पाडले. पण कारवारकडून नोकरीला आलेल्या कारकून मंडळींना एकट्याच्या पगारात घर कुठून परवडणार? रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी ही अडचण ओळखली. १९०६ साली शामराव विठ्ठल पतसंस्था त्यांनीच काढली होती. १९०४ चा कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर कामांनाही सहकाराची वाट मोकळी झाली, आणि तीन वर्षांत गावदेवीची संस्था उभी राहिली.

त्या काळी इंग्लंडात ईलिंगला १९०१ पासून भाडेकरू-भागीदारीची एक पद्धत चालू होती. ती आपल्या माणसाला चटकन समजेल. सभासदाने शेअर घ्यायचा. उरलेली रक्कम संस्थेने कर्जाऊ उभारून इमारत बांधायची. सभासदाने महिन्याचे भाडे द्यायचे, त्यातून कर्ज फिटायचे. इमारत मात्र संस्थेचीच. म्हणजे सभासद मालकही आणि भाडेकरूही! कारखान्यात आपण उसाचे विक्रेते आणि कारखान्याचे मालक, तसेच हे. कोणी बदलून गेला तर खोली परस्पर दलालाला विकता येत नाही, ती संस्थेकडे परत येते. भाव चढल्याचा नफा एकट्याच्या खिशात जात नाही. काहींना ही अट जाचक वाटेल. आम्हांस तर तोच या पद्धतीचा कणा वाटतो.

एक गोष्ट मात्र खटकते. ही संस्था एका ज्ञातीची. तेव्हा ओळखीवरच विश्वास बसायचा आणि विश्वासावरच कर्ज मिळायचे, हे खरे. पण आपल्याकडे शेअर देताना जमीन आणि ऊस पाहतात, जात पाहत नाहीत. घराच्या संस्थेतही तसेच असावे.

आता वर्धापनदिनाचे. मंडप, सत्यनारायण, पाहुण्यांचे हार, भाषणे. कोणाला नको असतात? पण शंभरी गाठलेल्या वसाहतीचा खरा मान भाडे वेळेवर भरणाऱ्यांचा आणि दरसाल सभेला बसून हिशेब विचारणाऱ्यांचा. आपल्या वार्षिक सभेत जेवणाच्या पंगतीला गर्दी होते अन् ताळेबंद वाचायला घेतला की खुर्च्या रिकाम्या होतात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहतो.

प्लॉट घ्यायचाच असेल तर सातबारा आणि एन.ए.चा हुकूम आधी पाहावा. चार-दहा जण मिळून संस्था काढायची असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक कचेरीत चौकशी करावी. तिथले कागद किचकट असतात. जाताना लिहिता-वाचता पोरगा बरोबर न्यावा.