गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो? जुन्या गाडीतील ‘विसरलेले’ ऑइल कधी आणि कसे बदलायचे?

बारा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीचे सर्व्हिस बुक उघडून पाहा. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, ब्रेक पॅड, बॅटरी अशा नोंदी वर्षागणिक सापडतील. गिअर ऑइल बदलल्याची नोंद मात्र अनेकदा एकदाही सापडत नाही. मग एक दिवस थंडीत सकाळी दुसरा गिअर अडकायला लागतो किंवा खर्रकन आवाज येतो आणि ‘गिअर बॉक्स गेला’ असे ऐकायला मिळते.

खासगी गाडी १५ वर्षांची झाली की आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. ते झाले की गाडी आणखी पाच वर्षे रस्त्यावर राहू शकते. गाडी ठेवायची की विकायची, हा हिशेब अनेक घरांत याच टप्प्यावर मांडला जातो. छोट्या गाडीचे गिअर ऑइल बदलायला मजुरीसह साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. गिअर बॉक्स उघडावा लागला तर बिल सहज पाच आकड्यांत जाते. त्यामुळे मॅन्युअल गिअरच्या जुन्या गाडीसाठी हे काम समजून घेणे फायद्याचे आहे.

हे ऑइल नेमके काय करते?

मॅन्युअल गिअर बॉक्समध्ये पुढे जाण्याच्या गिअरची चाके कायम एकमेकांत अडकलेली असतात. आपण गिअर टाकतो तेव्हा त्यातील एक चाक शाफ्टशी जोडले जाते. जोडण्याआधी दोघांचा वेग सारखा व्हावा लागतो. हे काम सिंक्रोनायझर रिंग करते. जुन्या गाड्यांत ही रिंग बहुधा पितळेची असते. ती चाकाच्या शंकूसारख्या भागावर घासते, वेग जुळवते आणि गिअर अलगद बसतो.

म्हणजे ऑइलला दोन उलट कामे करावी लागतात. दातांमध्ये घर्षण कमी ठेवायचे, पण रिंगला पकड मिळेल इतके घर्षण शिल्लकही ठेवायचे. बहुतेक छोट्या गाड्यांच्या गिअर बॉक्समध्ये ऑइल फिरवायला पंप नसतो. चाके ऑइलमध्ये बुडून फिरतात आणि उडणाऱ्या ऑइलनेच वरचे भाग ओले राहतात. म्हणून ऑइलची पातळी थोडी घटली तरी फरक पडतो.

इंजिन ऑइलसारखे ते खराब होते का?

तितक्या लवकर नाही. गिअर बॉक्समध्ये इंधन जळत नाही, त्यामुळे काजळी धरत नाही. पण दातांच्या दाबाखाली ऑइलचा दाटपणा हळूहळू कमी होतो, त्यातील रसायने संपत जातात आणि झिजलेल्या धातूची भुकटी त्यात साठते. बहुतेक छोट्या गाड्यांच्या गिअर बॉक्सला फिल्टरही नसतो.

ऑइल कधी बदलायचे हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असते. अनेक गाड्यांसाठी ही मुदत ४० हजार ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यान असते. काही कंपन्या हे ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ भरलेले असल्याचे सांगतात. मात्र गाडी पंधरा-वीस वर्षे चालवायची असेल तर त्या शब्दावर विसंबणे महागात पडू शकते. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि आधीची नोंद नसेल, तर ऑइल कधीच बदललेले नाही असे धरून चालावे.

पावसाळ्याचा मुद्दा वेगळा आहे. गिअर बॉक्सला हवा ये-जा करण्यासाठी एक छोटी नळी असते. गरम गिअर बॉक्स तुंबलेल्या पाण्यात बुडाला की तो अचानक थंड होतो आणि या नळीतून पाणी आत ओढले जाऊ शकते. गाडी खोल पाण्यातून गेली असेल तर किलोमीटर न मोजता ऑइल तपासून घ्यावे.

जीएल-४ की जीएल-५?

सर्वाधिक चुका इथे होतात. डब्यावरचे ‘जीएल’ हे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे वर्गीकरण आहे. मोठा आकडा म्हणजे चांगले ऑइल, असा समज आहे. तो चुकीचा आहे.

जीएल-५ हे मुख्यतः मागच्या अ‍ॅक्सलमधील डिफरन्शियलच्या गिअरसाठी असते. तिथे दात एकमेकांवर घसरतात आणि दाब प्रचंड असतो. त्यासाठी त्यात गंधक आणि फॉस्फरसयुक्त रसायने जीएल-४ पेक्षा जास्त असतात. ही रसायने गरम झाल्यावर पितळेला हानी पोहोचवू शकतात. शिवाय ऑइल जास्त निसरडे असल्याने सिंक्रोनायझर रिंगला पकड मिळत नाही आणि गिअर आणखी खरखरतो.

बोलेरो, सुमो, ओम्नी अशा मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत गिअर बॉक्स आणि डिफरन्शियल वेगवेगळे असतात. गॅरेजमध्ये एकाच ड्रममधून दोन्हीकडे ऑइल भरले जाण्याचा धोका असतो. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या अल्टो, सँट्रो, स्विफ्टसारख्या गाड्यांत दोन्ही एकाच खोक्यात असतात आणि एकच ऑइल लागते.

मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिले असेल तर जीएल-४ च भरावे. काही गाड्यांना कंपनीचे खास ट्रान्समिशन फ्लुइड लागते, काहींना चक्क ऑटोमॅटिक गाड्यांचे फ्लुइड चालते. अंदाजाने निवड करू नये.

‘७५डब्ल्यू-९०’ इंजिन ऑइलपेक्षा जाड असते का?

आकडा मोठा दिसतो, पण गिअर ऑइल आणि इंजिन ऑइलच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. ‘७५डब्ल्यू-८०’ गिअर ऑइलचा दाटपणा साधारण ‘१०डब्ल्यू-३०’ इंजिन ऑइलच्या जवळपास जातो. आवाज दाबण्यासाठी ‘थोडे जाड ऑइल टाका’ असा सल्ला मिळतो. त्याने आवाज काही दिवस दबेलही, पण सकाळी थंड गाडीत गिअर आणखी जड पडेल.

बदलताना कोणता क्रम पाळावा?

हे काम गॅरेजमध्ये लिफ्टवर करणे उत्तम. तुम्ही समोर उभे राहणार असाल तर पुढील क्रम लक्षात ठेवा.

१. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणा. कोमट ऑइल भुकटीसह नीट बाहेर पडते. ते फार गरम असेल तर हात भाजतो, त्यामुळे थोडे थांबा.

२. गाडी चारही बाजूंनी समतल हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम स्टँड लावलेच पाहिजेत.

३. आधी ऑइल भरण्याचा वरचा प्लग उघडा. ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. जुन्या गाडीत हा प्लग गंजून घट्ट बसलेला असतो. खालचा प्लग काढून ऑइल सोडले आणि नंतर वरचा उघडलाच नाही, तर गाडी तिथेच अडकते.

४. मग खालचा ड्रेन प्लग काढा आणि पंधरा-वीस मिनिटे ऑइल निथळू द्या.

५. ड्रेन प्लगवर लोहचुंबक असेल तर तो पुसून घ्या. वॉशर नवा टाका. प्लग मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोरानेच आवळा. गिअर बॉक्सचे खोके अ‍ॅल्युमिनियमचे असते, जास्त ताकद लावली की आटे जातात.

६. वरच्या भोकातून हातपंपाने किंवा नळीने ऑइल भरा. बहुतेक गाड्यांत वरच्या भोकाच्या कडेपर्यंतची पातळी हेच माप असते. तिथून ऑइल ओघळू लागले की थांबा. छोट्या गाड्यांत साधारण दोन ते अडीच लिटर ऑइल बसते.

७. एक फेरी मारून सर्व गिअर टाकून पाहा. दुसऱ्या दिवशी गाडीखाली थेंब पडलेत का ते बघा.

जुने ऑइल पाहून काय कळते?

जुने ऑइल लगेच फेकू देऊ नका. चुंबकावर करड्या रंगाचा बारीक लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. ऑइलमध्ये सोनेरी चकाकी दिसली तर पितळी रिंग झिजत आहेत. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. धातूचे तुकडे किंवा दाताचा टवका सापडला, तर नवे ऑइल भरून काम भागणार नाही.

ऑइल बदलले की त्रास जातो का?

ऑइल जुने किंवा कमी असल्यामुळे गिअर जड पडत असेल, तर फरक जाणवतो. झिजलेला भाग मात्र ऑइलने भरून निघत नाही. त्यामुळे खर्चाआधी काही गोष्टी तपासा.

इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि सुरू केल्यावर अडकतात, तर दोष क्लचचा असण्याची शक्यता जास्त. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर गिअर बॉक्सच्या बेअरिंगकडे पाहावे. गिअर आपोआप सुटत असेल तर आतील झीज किंवा बाहेरची लिंकेज तपासावी. फक्त रिव्हर्स टाकताना आवाज येत असेल तर घाबरू नका. अनेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबून गिअर टाका.

‘जुन्या गाडीचे ऑइल बदलले तर गिअर घसरायला लागतील’ ही भीती ऑटोमॅटिक गाड्यांवरून आली आहे. तिथे क्लच ऑइलमध्येच असतात. मॅन्युअलच्या कोरड्या क्लचला ती लागू होत नाही.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

ऑइलचा बंद डबा समोर उघडायला सांगा आणि त्यावरचा ग्रेड मॅन्युअलशी जुळवून पाहा. ‘टॉप-अप’ आणि ‘बदल’ यातला फरक बिलावर स्पष्ट करून घ्या. सील गळत असेल तर ते आधी बदला, नाहीतर नवे ऑइलही जमिनीवर जाईल. काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत ओतू देऊ नका. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे.

शेवटी तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड सर्व्हिस बुकमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी मेकॅनिक बदलला किंवा गाडी विकायची ठरली, तर ही एक ओळ उपयोगी पडेल.