विश्लेषण : गाय माजावर येत नाही, हार्मोनच्या इंजेक्शनने प्रश्न सुटतो का?

एटापल्ली तालुक्यात गाय आधी बैलाची आई असते, दुभते जनावर नंतर. माडिया कुटुंबांत गाईचे दूध काढण्याची रीत पूर्वापार नव्हती. दूध वासराचे, असा साधा हिशेब. त्यामुळे इथली गाय दोन-तीन वर्षे फळली नाही तर डेअरीचे बिल घटत नाही, धानाच्या बांधीत जुंपायला बैलजोडी उरत नाही. अशा वेळी ‘हार्मोनचे इंजेक्शन द्या’ ही मागणी होते. हे इंजेक्शन नेमके काय करते आणि कोणत्या गाईत त्याचा काहीच उपयोग नसतो, हे समजून घेऊ.

एक खुलासा आधीच करायला हवा. पान्हा सोडवण्यासाठी ज्याचा गैरवापर होतो ते ऑक्सिटोसिन वेगळे. इथे विषय आहे गाय गाभण राहण्याशी संबंधित हार्मोन्सचा.

२१ दिवसांचे चक्र कसे चालते?

गाईचे माजाचे चक्र साधारण २१ दिवसांचे असते. १८ ते २४ दिवस हेही सामान्यच. मेंदूतून जीएनआरएच हे संप्रेरक सुटते, त्याच्या इशाऱ्यावर पियुषिका ग्रंथी एलएच सोडते आणि बीजांडकोशातून बीज बाहेर पडते. त्या रिकाम्या जागी पीतपिंड तयार होते. ते प्रोजेस्टेरॉन बनवते आणि प्रोजेस्टेरॉन चढे असेपर्यंत माज येत नाही. गर्भ राहिला नसेल तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन सुटते, पीतपिंड विरते आणि तीन-चार दिवसांत गाय पुन्हा माजावर येते. इंजिनीअरिंगला शिकवतात तसा हा फीडबॅक लूप. फक्त या सर्किटला वीज नव्हे, चारा लागतो.

या शास्त्रामागे १९७७ चे वैद्यकाचे नोबेल आहे. अर्धे पारितोषिक जीएनआरएचसारखी मेंदूतील संप्रेरके शोधणाऱ्या रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना मिळाले, उरलेले अर्धे रक्तातील अत्यल्प हार्मोन मोजण्याची पद्धत घडवणाऱ्या रोझलिन यालो यांना. आज गाईला टोचले जाते ते एका अर्ध्यातून आले आणि टोचावे की नाही हे सांगणारी चाचणी दुसऱ्या अर्ध्यातून. दुसऱ्या अर्ध्याची आठवण मात्र कमीच निघते.

इंजेक्शन केव्हा लागू पडते?

प्रोस्टाग्लँडिनचे काम एकच : असलेले पीतपिंड विरघळवणे. चक्राच्या साधारण सहाव्या ते सोळाव्या दिवसादरम्यान दिले तर गाय काही दिवसांत माजावर येते. पीतपिंडच नसेल तर इंजेक्शन वाया. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात विकसित झालेली ‘ओव्हसिंक’ पद्धत १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पहिल्या दिवशी जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि १६ ते २० तासांत कृत्रिम रेतन असे वेळापत्रक असते. माज ओळखण्याची गरजच उरत नाही. मात्र ही पद्धत दुभत्या, नीट खाऊ घातलेल्या गाईंसाठी घडली.

मग आधी काय तपासायचे?

‘माजावर येत नाही’ या तक्रारीत दोन अगदी वेगळ्या गाई लपलेल्या असतात. एकीचे चक्र सुरू असते, पण माज कुणाच्या नजरेस पडत नाही. माज टिकतो जेमतेम १२ ते १८ तास, बऱ्याचदा रात्री. काही गाई हंबरत नाहीत, उड्या घेत नाहीत. काचेसारखा सोट तेवढा दिसतो. याला मुका माज म्हणतात. दिवसभर जंगलात चरणाऱ्या कळपात तो दिसायचा कुणाला? दुसरीचे बीजांडकोश खरोखरच थंडावलेले असतात. १० ते १२ दिवसांच्या अंतराने रक्ताचे वा दुधाचे दोन नमुने घेऊन प्रोजेस्टेरॉन मोजले की फरक कळतो. रक्तातील प्रमाण दोन्ही वेळा मिलिलिटरला एक नॅनोग्रॅमपेक्षा कमी आले तर बीजांडकोश झोपलेला. एकदा जरी चढे आले तरी पीतपिंड आहे. मात्र गाभण गाईतही ते चढेच असते, म्हणून गर्भतपासणी वगळता येत नाही. प्रयोगशाळा जवळ नसेल तर अनुभवी पशुवैद्यक हाताने तपासूनही बरेच सांगू शकतो.

एटापल्लीसारख्या भागात दुसऱ्या प्रकारच्या गाईचा विचार आधी करावा लागतो. उन्हाळ्यात खायला धानाचे तणस. त्यात प्रथिने आणि स्फुरद दोन्ही कमी. वर वासरू दिवसभर पीत असते आणि त्या पिण्यानेही एलएचची लय दबते. फासळ्या दिसणाऱ्या गाईचे शरीर आधी स्वतःला जगवते, प्रजनन मागे टाकते. तिला प्रोस्टाग्लँडिन देऊन काही होणार नाही. प्रोजेस्टेरॉनचे योनीत ठेवायचे साधन काही गाईंत चक्र सुरू करते, पण अशक्त गाईत गर्भ राहण्याची खात्री नसते. आधी जंतनिर्मूलन, खनिज मिश्रण, हिरवा चारा, थोडी पेंड. हे महिनोन्महिन्यांचे काम आहे, म्हणूनच इंजेक्शन अधिक आकर्षक वाटते.

माज आणला तरी पुढे रेतन वेळेवर व्हावे लागते. रेतमात्रा उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात टिकतात. पावसाळ्यात नाले भरून रस्ते तुटले की कंटेनर आणि गाय यांची गाठ पडणे कठीण. लिंगवर्गीकृत रेतमात्रांतून सुमारे ९० टक्के कालवडी जन्मतात. दूधपट्ट्यासाठी ही सोय. ज्याला गोऱ्हा हवा त्याच्यासाठी नाही. इथे कळपातला चांगला वळू हाच चोवीस तासांचा माज-तज्ज्ञ. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातील कठाणी गाईला २०२३ च्या सुरुवातीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली. तिचे निवडक वळू गावात राखणे हा इंजेक्शनापेक्षा जवळचा मार्ग ठरू शकतो.

आणि एक सावधगिरी, औषध हाताळणाऱ्यांसाठी. प्रोस्टाग्लँडिन गाभण गाईला दिले तर गर्भपात होऊ शकतो. कळपात वळू मोकळा असतो, म्हणून ‘ती गाभण नाहीच’ हे तपासल्याशिवाय गृहीत धरता येत नाही. हे औषध माणसाच्या त्वचेतूनही शोषले जाते. गरोदर महिलांनी आणि दमा असलेल्यांनी ते हाताळू नये. इतरांनी हातमोजे वापरावेत आणि अंगावर सांडल्यास लगेच साबणाने धुवावे.